बोटांचे ठसे परदेशी पडताळायचे: इंटरपोल की द्विपक्षीय करार?

२६/११ सोसलेल्या मुंबईतच ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती भरली. परिषदेच्या २०१७ च्या ठराव २३९६ ने बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, चेहरा अशा शारीरिक खुणांवरून ओळख पटवणारी) यंत्रणा उभारणे देशांवर बंधनकारक केलेच आहे.

तातडीच्या तपासाला इंटरपोल बरे. मुंबई पोलिसांचा ठसा सीबीआयमार्फत जातो. मात्र इंटरपोलच्या ठशांच्या संग्रहात सदस्य देश स्वतःहून देतात तेवढेच ठसे असतात.

द्विपक्षीय करारातून समोरच्या देशाचा स्वतःचा संग्रह पडताळता येतो, म्हणून आमचा कौल त्याला, वाटाघाटी लांबल्या तरी. आधी फक्त ‘जुळला’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर यावे, नाव-पत्ता रीतसर विनंतीनंतर. ही अट पहिल्याच मसुद्यात हवी, निर्दोष माणसाची माहिती तिनेच जपली जाते.

घटनास्थळीच्या ठशाचा फोटो मोजपट्टीशिवाय काढला, तर प्रमाण कळत नाही आणि दोन्हीकडे जुळणी फसते.