पावतीवर सही झाली आणि आभाळ हिरवं झालं

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला. "अहो, तुम्ही फेसबुकवर झळकताय की! वहिनी पण आहेत. मागं सगळं आभाळ हिरवंगार. आम्ही पण चौकशी करतोय, चांगलं आहे का हो हे?"

त्यांनी पाठवलेली फिनलंडच्या सहलीची जाहिरात उघडली. मी आणि सौ., फुगलेल्या लाल सूटमध्ये अस्वलासारखे उभे, डोक्यावर अरोराचे, म्हणजे ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसणाऱ्या उजेडाचे, हिरवे पडदे लोंबतायत, आणि खाली इंग्रजीत 'आमचे समाधानी पाहुणे, कोल्हापूर'. ते आभाळ आम्ही दोघांनी आयुष्यात बघितलेलं नाही.

डॉक्टरांना अर्धा तास फोनवर सगळं सांगितलं. पण ती जाहिरात अजून चालू आहे, म्हणून इथं लिहितोय.

लाज आधी सांगून टाकतो. मी वाहन विम्याचा सर्व्हेयर आहे. ठोकलेल्या गाडीचे फोटो बघून कुठला डेंट जुना आणि कुठला कालचा, हे सांगण्यावर माझं घर चालतं. पॉलिसीतली बारीक अक्षरं मी लोकांना वाचून दाखवतो, ती पण चोवीस वर्षं. तर असा हा शहाणा माणूस कसा गंडला ते ऐका.

मे २०२४ मध्ये सूर्याकडून मोठं वादळ आलं होतं, तेव्हा लडाखमधल्या हानलेहून आभाळ लालसर झाल्याचे फोटो आले. सौ.नं ते बघितले आणि अरोरा बघायचं तिच्या डोक्यात शिरलं. ऑक्टोबरात नासानं जाहीर केलं की सूर्य त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात ऐन भरात आहे, म्हणजे अरोरा दिसायचे हेच दिवस. इकडं आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. माझा भाचा फिनलंडात, हेलसिंकीला लागून एस्पो आहे तिथं नोकरीला. तो म्हणाला, "मामा, घाई करू नका, मी थेट लॉजवाल्यांशी बोलून देतो." मला वाटलं, पोराला कशाला त्रास. त्यात मला एक मराठी बोलणारा एजंट सापडला होता. "काका, तुम्ही फक्त स्वेटर घेऊन या, बाकी आमच्यावर सोडा." परक्या मुलखाचा व्यवहार आपल्या भाषेत झाला की माणूस निम्मा तिथंच विरघळतो. मी तर पूर्ण विरघळलो.

पॅकेज असं: फिनलंडच्या अगदी उत्तरेकडच्या लॅपलंडमध्ये, इव्हालो विमानतळापासून 'अर्ध्या तासावर' लॉज, चार रात्री, काचेचं छत असलेली खोली, 'अरोरा अलार्म', एक रात्र गाइडबरोबर, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात: अरोरा गॅरंटी, दिसला नाही तर निम्मे पैसे परत. किंमत २,६४० युरो, तेव्हाच्या भावानं दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. विमानाचं तिकीट आणि व्हिसा वेगळा. तारखा १० ते १४ फेब्रुवारी २०२५, कारण त्या तारखांना वीस टक्के सूट होती.

सौ.नं भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. "अहो, बारा तारखेला माघी पौर्णिमा आहे. पौर्णिमेला आभाळात काय दिसणार?" मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, "काकू, चांदण्यात बर्फ काय चमकतो!" चमकतो, खोटं नाही. पण पूर्ण चंद्र असला की फिका अरोरा त्या उजेडात विरून जातो. सूट कशाची होती ते आता कळतंय.

पैसे भरतानाचं ऐका. कार्डानं भरले तर चार टक्के जादा, बँकेतून थेट पाठवले तर नाही, असं त्यानं सांगितलं. मी वाचवले चार टक्के. खात्याचा तो लांबलचक आयबॅन क्रमांक 'एलटी' या अक्षरांनी सुरू होत होता. पहिली दोन अक्षरं देशाची असतात. फिनलंडचं खातं 'एफआय' नं सुरू होतं, 'एलटी' म्हणजे लिथुआनिया. लॉज एका देशात आणि पैसे दुसऱ्याच देशात. गाडीचा नंबर एमएच ०९ आणि आरसी बुक बिहारचं असं माझ्या टेबलावर आलं असतं तर मी फाइल तिथंच थांबवली असती.

इव्हालोला उतरलो तर उणे एकोणीस. गाडी ई७५ रस्त्यानं उत्तरेला निघाली, इनारी गाव मागं पडलं, तरी गाडी चालूच. रस्त्यात दोनदा रेनडिअर आडवे आले, ते हलेपर्यंत ड्रायव्हर निवांत थांबला. अर्ध्या तासाचे पावणेदोन तास झाले. काचेचं छत म्हणजे ओंडक्यांच्या केबिनच्या उतरत्या छपराला एक खिडकी, आणि त्या खिडकीवर वीतभर बर्फ. जाहिरातीतली काचेची घरं भलत्याच ठिकाणची होती.

लॉजची मालकीण साठीच्या पुढची बाई. तिच्यावर माझा काही राग नाही, हे आधीच सांगतो. इंग्रजी मोडकंतोडकं, पण सॅल्मनचं बटाटे घातलेलं सूप असं करायची की सौ.नं दोनदा मागून घेतलं. अरोराला तिच्या भाषेत 'रेवोन्तुलेत' म्हणतात, कोल्ह्याची आग. बर्फातून पळणाऱ्या कोल्ह्याच्या शेपटीनं ठिणग्या उडतात म्हणे.

पहिल्या दोन रात्री ढग. त्याला कोणाचा इलाज नाही.

तिसऱ्या रात्री, म्हणजे पौर्णिमेलाच, आभाळ उघडलं. एजंटचा गाइड जीप घेऊन आला आणि आम्हाला गोठलेल्या तळ्यावर नेलं. उणे सत्तावीस. श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे, सौ.च्या पापण्या पांढऱ्या झालेल्या. चांदणं एवढं की घड्याळातले आकडे वाचता येत होते. गाइडनं कॅमेरा तिकाटण्यावर लावून उत्तरेकडं वळवला, पंधरा सेकंद उघडा ठेवला आणि पडदा आमच्यापुढं धरला. "बघा!" क्षितिजाला लागून एक हिरवट पट्टा. मी मान वर करून बघितलं तर तिथं चुलीच्या धुरासारखं काहीतरी करडं. तो अरोराच असेल, नाही म्हणत नाही. फिक्या उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, कॅमेरा उजेड साठवत राहतो म्हणून त्याला हिरवं दिसतं. पण धूर बघायला कोण कोल्हापूरहून जातो?

मग त्यानं टॅब्लेट काढला. "थंडीचे सूट परत केल्याची नोंद, सुरक्षेची माहिती मिळाल्याची नोंद, इथं सही." हातमोज्यानं टॅब्लेट ऐकेना. मोजा काढला. त्या थंडीत उघडं बोट काचेवर टेकवलं की विंचू चावल्यासारखं होतं. वाचायचं सुचतंय कोणाला? तीन वेळा बोट फिरवलं आणि हात खिशात. आमचे चार फोटोही काढले त्यानं, चंद्र त्याच्या पाठीमागं आणि आमच्या तोंडावर.

चौथ्या रात्री आम्ही एक वाजेपर्यंत जागलो. काही नाही. एजंटचा मेसेज होता, 'झोपा काका, अरोरा आला की आमची टीम फोन करेल, हाच आमचा अलार्म.' झोपलो.

सकाळी निघताना मालकीण हसत हसत विचारते, रात्रीचं कसं वाटलं? आम्ही बघतच राहिलो. तिनं ओट्यावरचं पुसायचं फडकं उचललं आणि स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फडकवत गेली. पावणेतीन वाजता, सगळं आभाळ. चंद्र असून सुद्धा. सौ. खुर्चीवर बसली ती उठेना.

भाच्याला फोन लावून स्पीकरवर टाकला, त्याला कामापुरती फिनिश येते. तेव्हा कळलं की ती बाई एरवी प्रत्येक पाहुण्याच्या खिडकीवर टकटक करून उठवते. आमच्या बाबतीत तिला लेखी सूचना होती: पाहुण्यांशी थेट बोलू नये, त्यांना उठवू नये, सगळं आमचा गाइड बघेल. का, ते पुढच्या वाक्यात उलगडलं. केबिनचे तिला रात्रीला ९५ युरो मिळाले होते. चार रात्रींचे ३८०.

घरी आल्यावर गॅरंटीचे निम्मे पैसे मागितले. उत्तर म्हणून माझ्याच सहीचा कागद आला. त्यात सातव्या ओळीत: 'डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यात अरोरा दिसल्याचे मान्य.' आणि सोबत आमचे ते चार फोटो, वर ९० युरोचं फोटो पॅकेजचं बिल.

तेव्हा कुठं माझ्यातला सर्व्हेयर जागा झाला. आमच्या तोंडावर लख्ख चांदणं, नाकाची सावली ओठावर. आणि मागच्या आभाळात बारीकसारीक हजारो तारे, अमावस्येला दिसावेत तसे. पौर्णिमेच्या उजेडात एवढे तारे येतील कुठून? बरं, कॅमेरा उत्तरेकडं होता, पण माझ्या डाव्या खांद्यावर मृग नक्षत्र, तीन ताऱ्यांच्या बाणासकट! मृग उत्तरेला दिसत नाही, तिथं तर तो दक्षिणेला बराच खाली असतो. नव्या गाडीला जुना बंपर, दुसरं काय. पण मी हे ओळखेपर्यंत सौ.नं फोटो घरच्या ग्रुपवर टाकले होते आणि माझ्या बहिणीनं एक फ्रेम करून आणला होता.

पुढं काय झालं ते थोडक्यात. बँक म्हणाली, कार्ड असतं तर डिस्प्यूट टाकता आला असता, तुम्ही स्वतः पाठवलेली रक्कम आम्ही परत ओढू शकत नाही. चार टक्के वाचवल्याचे हे एवढे पडले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवली, पण तो क्रमांक पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, मी तीन महिन्यांनी लावला. भाच्यानं बिलावरचा कंपनीचा नोंदणी क्रमांक फिनलंडच्या सरकारी वायटीजे साइटवर टाकला, तिथं कोणालाही फुकट बघता येतं. तो क्रमांक फरशी बसवणाऱ्या एका धंद्याचा निघाला. युरोपचं ग्राहक केंद्र तिथं राहणाऱ्यांसाठीच काम करतं. फिनलंडच्या पोलिसांत भाच्यानं तक्रार दिली आहे, मालकिणीनं पत्र लिहून दिलंय. हातात अजून एक युरो नाही.

डॉक्टरांनी विचारलं, मग आम्ही जायचंच नाही का? जा की. फक्त लॉजला स्वतः मेल टाका आणि विचारा, या एजंटनं आमच्या नावानं कुठली खोली धरली आहे, तिचा आत्ताचा फोटो पाठवा. रात्री कोण उठवणार, तेही त्यांनाच विचारा. पैसे कार्डानं. आणि गॅरंटी दिसली की 'दिसणं' म्हणजे काय ते लेखी मागा. सूर्याकडून काय येतंय ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरची यानं मोजतात, आणि तिथून ते आपल्यापर्यंत पोचायला तासभर, कधी त्याहून कमी लागतं. म्हणजे खात्रीचा अंदाज एवढाच, तासाभराचा. त्यात ढग वेगळे. तीन महिने आधी गॅरंटी देणारा कशाची देतो, हे मी विचारायला हवं होतं.

एजंटला फोटो काढून टाक म्हणून तीनदा लिहिलं. उत्तर आलं, 'काका, फोटो वापरायची परवानगी तुमच्या सहीच्या कागदात आहे.' बघितलं. आहे. नववी ओळ.

मालकिणीचा मात्र भाच्याकडं निरोप येतो अधूनमधून. सप्टेंबरात या म्हणते, तेव्हा तळं गोठलेलं नसतं, आग आभाळात पण आणि पाण्यात पण. सौ.नं लगेच यंदाचं कालनिर्णय काढलं. सप्टेंबरातली अमावस्या नेमकी गणपतीच्या तोंडावर आहे. आता तिचं आणि माझं त्यावरून चाललंय.