शिब्यावर केटोकोनॅझोल शॅम्पू : ४ स्टार

उकाडा वाढला की ज्यांच्या पाठीवर-छातीवर शिबं उठतं त्यांच्यासाठी लिहितेय. २ टक्केवाला केटोकोनॅझोल शॅम्पू, कंपनी कुठलीही घ्या, फक्त टक्के वाचून घ्या कारण १ टक्केवालाही मिळतो. बाटलीवर बहुतेक वेळा कोंड्याचंच नाव मोठं असतं, पण कोंडा काय नि शिबं काय, दोन्हीकडे मलासेझिया नावाची यीस्टच (एक प्रकारची बुरशी) असते म्हणून स्किनचे डॉक्टर हाच अंगालाही लावायला सांगतात.

नुसत्या डागांवर नाही, मानेपासून कमरेपर्यंत दंडांसकट फेस करून लावायचा आणि ५ मिनिटं ठेवायचा. ही ५ मिनिटं जाम वैताग, अंगाला फेस फासून कुडकुडत उभं राहायचं आणि पाठीच्या मधोमध हात काही पोचत नाही. पण लगेच धुतलात तर औषध मोरीत गेलं समजा.

आता बरेच जण १ स्टार देऊन लिहितात की डाग गेलेच नाहीत. अहो, यीस्ट मेली तरी रंग लगेच नाही भरत, काही आठवडे, कधीकधी महिनेही लागतात. डाग नखाने हलकेच खरवडून बघा, भुसा पडायचा थांबला असेल तर शॅम्पूने बहुतेक त्याचं काम केलंय, उगाच रोज घासत बसू नका, त्वचा कोरडी पडते (माझा एक स्टार त्यासाठीच कापलाय).

परत मात्र येतं. ही यीस्ट सगळ्यांच्याच अंगावर असते, त्वचेच्या तेलावर जगते, घाम आणि दमटपणा मिळाला की फोफावते, त्यामुळे हे अस्वच्छतेमुळे नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. ज्यांना दरवर्षी होतं त्यांनी उन्हाळा लागायच्या आधीच रोज एकदा असं जास्तीत जास्त ३ दिवस लावायचा, माझ्या मते बाटलीचा खरा उपयोग हाच. बाकी घामाचे कपडे लगेच बदला, अंगाला तेल चोपडू नका.

गोल कडांचं, खाजरं गजकर्ण असेल तर ते वेगळं, त्याला क्रीम किंवा गोळ्या लागतात, आणि स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब तर अजिबात नको, खाज दबते आणि आतल्या आत पसरत जातं. डाग कोडाचे वाटत असतील तरी आधी डॉक्टरांना दाखवा, जरासं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितलं की कळतं. आणि केटोकोनॅझोलच्या गोळ्या यासाठी मागू नका, लिव्हरला धोका असतो.