शंख सेट (6 नग): माल चांगला, माहिती शून्य, 3 स्टार

पोरीच्या शाळेत प्रदर्शन होतं म्हणून हा 349 चा सेट ऑनलाईन मागवला. आमचं गाव राळेगाव तालुक्यात, कुरिअरवाला गावात येतच नाही, बस स्टँडवर जाऊन आणा लागला, अर्धा दिवस त्यातच गेला. पॅकिंग मात्र एक नंबर. एकाचं टोक जरासं उडालेलं, बाकी सगळे साबूत.

पाच शंख साधेच आहेत. सहावा पाहून घरचे पाहातच राहिले. बोटाएवढा लांब, आईस्क्रीमच्या कोनासारखा, पांढऱ्यावर पिवळी-तपकिरी त्रिकोणी नक्षी, मागावर विणल्यासारखी. बाबानं तो देवघरात ठेवला, आरतीला फुंकून फुंकून गाल दुखले, पण आवाज कायचा निघते, याचं तोंड म्हंजे एक लांब बारीक फट!

मंग यवतमाळले बीएस्सी करून राहिलेला भाचा आला, म्हणे "मामाजी, हा टेक्सटाईल कोन आहे, जिता असता तं हात लावू देला नसता." हा गोगलगायीच्या जातीचा, पण दुसऱ्या गोगलगायी मारून खाते. सोंडेतून भाल्यासारखा पोकळ दात मारते, त्यातून विष जाते, नं एक दात वापरला की पुढच्या वेळी नवा. माणसं मेल्याच्या नोंदी जास्त करून याचा भाऊबंद जिऑग्राफी कोनच्या आहेत, तो मासे धरते. सापाचं इंजेक्शन आपल्या पीएचसीत तरी भेटते, याच्यावर उताराच नाही, विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवा बस. अन् याच खानदानातल्या एकाच्या विषावरून बनवलेल्या दुखण्याच्या औषधाले अमेरिकेत 2004 मध्ये मंजुरी भेटली, म्हणजे कमाल आहे. इंग्रजीत याले क्लॉथ ऑफ गोल्ड पण म्हणतात, सोन्याचं कापड. आम्ही पांढरं सोनं पिकवणारे, आमच्या घरी बरोबर आला!

रिकामा कवच हातात घ्यायले काही भेव नाही, पोट्टे खुशाल खेळू द्या. राग याचा आहे की विकणाऱ्यानं लिहिलं काय तं "पूजेचा शंख, किनाऱ्यावर वेचलेला". वेचलेला कवच घासून फिका पडते, हा तं आरशासारखा चमकते, नं पहिले दोन दिवस सडक्या मासोळीचा वास मारत होता, जिताच धरला असन. मेसेज करून विचारलं तं उत्तर आलं, "नॅचरल प्रॉडक्ट आहे सर". उद्या एखादं पोट्टं लक्षद्वीपले फिरायले गेलं नं घरच्यासारखाच दिसला म्हणून पाण्यातून उचलला तं? डब्यावर नाव नं एक ओळ छापायले किती पैसे लागते?

रिटर्न नाही केला. प्रदर्शनात पोरीनं स्वतःच चिठ्ठी लावली, "जिवंत दिसला तर उचलू नका". बाबा अजून फुंकून पाहून राहिले.