काच-इपॉक्सी, कापड-फिनॉलिक की रबर-कापड : लॅमिनेटची निवड

लॅमिनेटच्या, म्हणजे कापडाचे थर रेझिनने (घट्ट होणाऱ्या राळेसारख्या पदार्थाने) किंवा रबराने एकमेकांना चिकटवून केलेल्या साहित्याच्या, माहितीपत्रकात नजर आधी जाते ती ताणशक्तीच्या आकड्यावर. परंतु ती ताकद धाग्यांच्या दिशेतली असते, आणि लॅमिनेट निकामी होते ते पुष्कळदा धागे तुटून नव्हे, तर थर एकमेकांपासून सुटून. म्हणून बल कोणत्या दिशेने येणार आहे आणि पाणी, तेल, उष्णता यांपैकी कशाशी गाठ पडणार आहे, हे आधी ठरवावे.

काचतंतूंचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, दाब आणि उष्णता देऊन केलेला तक्ता ताठ असतो. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 1.85 ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमच्या 2.7 ग्रॅमपेक्षा बरीच कमी असते. तो पाणी फारच थोडे शोषतो, त्यामुळे दमट जागेतही विद्युतरोधक म्हणून टिकतो. सर्किट बोर्डासाठी तो वापरला जातो तो याच गुणांमुळे. मात्र काच हत्याराची धार लवकर घालवते, त्यामुळे कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे ड्रिल वापरावे आणि धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. भोकाभोवती पांढरट वलय दिसले, तर तिथले थर सुटले आहेत असे समजावे. ड्रिल ज्या बाजूने बाहेर पडते तिथे लाकडी फळीचा घट्ट आधार दिल्यास हे बरेचसे टळते.

सुती कापड आणि फिनॉलिक रेझिन यांचा तक्ता साध्या हत्यारानेही सफाईने कापला जातो. धक्के सोसणारे, आवाज न करणारे दातेरी चाक हवे असेल, तर माझी पसंती निःसंशय यालाच आहे. पण तो पाणी शोषून फुगतो. जिथे मापे काटेकोर आहेत आणि ओल आहे, तिथे तो वापरू नये.

वारंवार वाकणाऱ्या भागाला हे दोन्ही तक्ते चालत नाहीत. तिथे रबर-कापडच हवे. यात ताण कापड घेते, तर लवचीकपणा आणि कापडाचे संरक्षण रबराकडे असते, म्हणून रबराची जात चुकली की कापड कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. नैसर्गिक रबर घासण्याला आणि फाटण्याला चांगले तोंड देते, पण खनिज तेलात फुगते आणि ओझोनने त्याला चिरा पडतात. नायट्राइल हे कृत्रिम रबर तेलात टिकते, उघड्यावर मात्र तेही चिरते. ईपीडीएम हे दुसरे कृत्रिम रबर ऊन, ओझोन आणि गरम पाणी सोसते, तेल मात्र त्याला अजिबात चालत नाही.

रबर-कापडाच्या वाहक पट्ट्यात (कन्व्हेयर बेल्टमध्ये) उभे धागे बहुधा पॉलिएस्टरचे असतात, कारण ते कमी ताणले जातात, आणि आडवे नायलॉनचे, कारण पट्ट्याला रोलरांवर पन्हळीचा आकार घ्यायचा असतो. अधिक ताकदीसाठी कापडाचे थर वाढवण्याआधी पुलीचा व्यास तपासावा : जाड पट्टा लहान पुलीवरून वळताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधल्या रबरावर प्रत्येक फेरीला कातरबल (थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल) येऊन थर सुटू लागतात.