टुरेट: गोळी की थेरपी?
माझ्या लेकाला टुरेट आहे, म्हणजे आपोआप झटके आणि आवाज येणारा मेंदूचा त्रास: मान झटकणं, मधेच घशातून 'हुं हुं'. मुद्दाम नाही करत हो तो, आधी मानेत खाज सुटल्यासारखं होतं म्हणतो आणि झटका दिला की जरा सुटल्यासारखं वाटतं.

क्लोनिडीन या गोळीने झटके कमी झाले पण पोरगं वर्गात पेंगायचं. सीबीआयटी या थेरपीत (गोळीविना, झटके आवरायला शिकवणारी वर्तन थेरपी) साधारण 10 आठवड्यांत 8 सेशन असतात, ती खाज ओळखायची आणि झटका यायच्या आधीच हनुवटी किंचित खाली घेऊन मान धरून ठेवायची, खाज ओसरेपर्यंत. रोज सराव लागतो, खूप चिकाटीचं काम आहे, तरी मला हीच पटली. मान दुखेपर्यंत झटके असतील तर मात्र गोळीला घाबरू नका, फक्त क्लोनिडीन मनाने एकदम बंद करू नका, बीपी उसळतं.