खोल्यांच्या बिल्डिंगवर ड्रॉपलाइन ओडी काढून दुसरी बिल्डिंग बांधली, त्याचा रिव्ह्यू

थेरगावला आमची वडिलोपार्जित जागेवर बारा खोल्यांची बिल्डिंग आहे, सगळ्या वन आरके, भाडेकरू म्हणजे हिंजवडीला जॉबला जाणारी पोरं आणि ताथवड्याच्या कॉलेजांमधली मुलं. भाडं ९ हजार धरलं तर महिन्याला १ लाख ८ हजार जमा होतात, पण त्यातून टँकर, कॉमन मीटरचं लाइट बिल, मिळकत कर आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या खोल्या वजा करायच्या (पिंपरी चिंचवडला २०१९ पासून पाणी एक दिवसाआड, त्यामुळे टँकर चुकत नाही). दुसऱ्या प्लॉटवर अशीच बिल्डिंग उभी करायची होती आणि त्यासाठी पहिली तारण ठेवून एका खाजगी बँकेकडून ५० लाखांचा ड्रॉपलाइन ओव्हरड्राफ्ट (ओडी, म्हणजे लागतील तसे पैसे उचलायचं कर्जखातं) घेतला, व्याज ९.७५ टक्के फ्लोटिंग म्हणजे बदलतं, मुदत १५ वर्षं. हा रिव्ह्यू त्या प्रॉडक्टचा आहे.

साधं मॉर्गेज लोन घेतलं असतं तर ५० लाख एकदम खात्यात आले असते आणि पुढच्या महिन्यापासून साधारण ५३ हजार हप्ता चालू. पण बांधकामाला पैसा एकदम लागतच नाही ना, आधी पाया, मग एकेक स्लॅब, मग वीटकाम, प्लास्टर, प्लंबिंग, ठेकेदार मागेल तसा द्यायचा. ओडीत जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज, म्हणजे पायाला १० लाख काढले तर महिन्याला ८ हजारांच्या आसपास व्याज पडतं, आणि जुन्या बिल्डिंगचं भाडं त्याच खात्यात जमा केलं की तेवढ्या दिवसांचं व्याज अजून कमी होतं. आमच्यासारख्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी यापेक्षा सोयीचं कर्ज मला तरी बाजारात दिसलं नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आता यातली मेख नीट समजून घ्या कारण बँकेचा माणूस ती घाईघाईत सांगतो. ड्रॉपलाइन म्हणजे लिमिट, म्हणजे जास्तीत जास्त उचलता येणारी रक्कम, दर महिन्याला खाली येतं, तुम्ही पैसे उचला नाहीतर नका उचलू. ५० लाख १८० महिन्यांत विभागले की महिन्याला जवळपास २७,८०० रुपये लिमिट कमी, वर्षाला सव्वातीन लाखांच्या वर. काम रखडलं, प्लॅन मंजुरीला वेळ लागला, पावसाळ्यात सेंटरिंग अडकलं, की शेवटच्या स्लॅबला तेवढे पैसे कमीच मिळणार. म्हणून प्लॅन मंजूर झाल्यावर आणि ठेकेदार पक्का झाल्यावरच ओडी चालू करा, आधी घेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही.

सगळ्यात जास्त वेळ कागदांत जातो. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीची वकिलाने केलेली तपासणी), सातबारा, एनए म्हणजे बिगरशेती ऑर्डर, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, आणि जागा वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांची नोंद. २००५ पासून मुलींचाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे त्यामुळे बँकेचा वकील बहिणींच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र मागतोच आणि ते बरोबरच आहे, बहिणीला कागदावर बोटाने जागा दाखवून घाईत सही करून घ्यायची गोष्ट नाही ती, तिचा हिस्सा काय ते आधी घरात बसून ठरवा. आपल्या भागात गुंठेवारीतल्या (मंजुरीशिवाय गुंठ्यांनी विकलेल्या जागेवरच्या) किंवा एक मजला जास्त चढवलेल्या बिल्डिंगी भरपूर आहेत, तिथे मोठ्या बँका बहुतेक वेळा फाईलच घेत नाहीत.

व्हॅल्युएशनच्या, म्हणजे बँकेने धरलेल्या बिल्डिंगच्या किमतीच्या, साधारण ६० टक्के मिळाले. भाड्याचं उत्पन्न धरताना बँकेने नोंदणी केलेले लिव्ह अँड लायसन्स करार आणि खात्यावर येणारं भाडंच मोजलं, रोख घेतलेलं भाडं त्यांच्या लेखी शून्य. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी कायद्यानेच बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची, तरी कित्येक जण दोन हजार वाचवायला करत नाहीत आणि मग कर्जाच्या वेळी तेच नडतं.

भाड्यावर थेट कर्ज, म्हणजे एलआरडी, पण विचारलं होतं. त्यात बँकेला कंपनी भाडेकरू आणि लांब मुदतीचा करार हवा असतो, अकरा महिन्यांचा करार करणाऱ्या पोरांवर ते होत नाही.

न आवडलेलं म्हणाल तर प्रोसेसिंग फी १ टक्का आणि वर जीएसटी, ५९ हजार तिथेच गेले, आणि शेवटच्या क्षणी कर्जाचा विमा गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, तो बंधनकारक नसतो, स्पष्ट नाही म्हणा. व्याजदर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्या दराशी) जोडलेला आहे का हे लेखी घ्या, २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, रेपोवाल्या कर्जाचा दर बँकेला तीन महिन्यांत बदलावा लागतो, फायनान्स कंपन्यांना ती सक्ती नाही. आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग कर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून बँकेला लवकर फेडीचा दंड घेता येत नाही, धंद्यासाठीचं कर्ज असलं तरी.

जुनी विकून नवी का नाही बांधली असं काका विचारत होते. विकली तर नफ्यावर १२.५ टक्के कर, तो वाचवायचा तर घर दोन वर्षांत घ्या किंवा तीन वर्षांत बांधा, आणि तोवर भाडं बंद. कर्जाची रक्कम उत्पन्न नाही, तिच्यावर कर नाही. शिवाय पैसे घर बांधायला वापरले तर व्याज भाड्यातून वजा होतं, कर्जाला नाव होम लोन नसलं तरी. बांधकाम पूर्ण होण्याआधीच्या वर्षांचं व्याज नंतर पाच समान हप्त्यांत मिळतं. पण नवीन कर पद्धतीत घरभाड्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. याच ओडीतून गाडी घेतली किंवा लग्न काढलं तर तेवढं व्याज वजा होत नाही आणि हिशोबाची खिचडी होते, सीए पण वैतागतो, म्हणून ओडी फक्त बांधकामासाठीच ठेवा.

मूळ कागद बँकेत जमा करताना प्रत्येक कागदाची यादी शिक्का मारून घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, आणि ती मागायला हातात ती यादी लागते.