बाळदमा, दोन घरं आणि एक फाईल: या क्लिनिकचा आमचा अनुभव

पाचपैकी पाच स्टार देतेय आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारखी घरं आता बरीच आहेत आणि असे डॉक्टर मिळेपर्यंत आमचं दीड वर्ष गेलं.

मुलगी ७ वर्षांची, माझ्या नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची. आठवडाभर निगडीला आईकडे असते, शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे सिंहगड रोडला येते, रविवारी संध्याकाळी परत. मला मावशी म्हणते. तिला बाळदमा आहे, थंडी पडली की छातीत घरघर, रात्री खोकून खोकून उलटी. घरं दोन म्हणून डॉक्टरही दोन होते, तिकडचे वेगळे इकडचे वेगळे, एकाने काय दिलं ते दुसऱ्याला माहीतच नाही, आणि आम्ही मोठी माणसं एकमेकांशी फक्त "पोचली", "निघाली" एवढ्याच मेसेजवर बोलायचो.

मागच्या डिसेंबरमधली एक शुक्रवारची रात्र विसरू शकत नाही. नवरा बेंगळुरूहून येत होता, फ्लाईट लेट झाली आणि इकडे दीड वाजता पोरीला धाप लागली, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता. जवळच्या एका हॉस्पिटलला घेऊन गेले. काउंटरवर फॉर्म दिला त्यात "पेशंटशी नातं" असा रकाना, मी घाईत आई लिहिलं, आणि तेवढ्यात पोरगी मला बिलगून मावशी घरी चल म्हणाली. झालं, काउंटरवरचा माणूस म्हणाला आई-वडिलांना बोलवा, तुमची सही चालणार नाही. शेवटी निगडीला तिच्या आईला फोन लावला, तिने स्पीकरवर रडत रडत हो सांगितलं तेव्हा कुठे नेब्युलायझर लागला. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील, मला ती अजून मोजता येतात.

या क्लिनिकला आलो ते त्यानंतर. अपॉइंटमेंट घेतानाच विचारलं की मुलीला औषध कोण कोण देतं, त्या सगळ्यांनी पहिल्या वेळी यायचं. मला वाटलं आई-वडील येतील, मी बाहेर बसेन. पण डॉक्टर मॅडमनी दारातून हाक मारली, "त्या पण याव्यात की आत," आणि केबिनमध्ये दोनच खुर्च्या होत्या म्हणून स्वतः बाहेरून तिसरं स्टूल आणलं. मी लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या आईच्या शेजारी एवढ्या जवळ बसले. मॅडमनी तिघांनाही तोच प्रश्न विचारला, रात्री खोकला किती वेळा. तिघांची उत्तरं तीन आली, त्यांनी तिन्ही लिहून घेतली.

दोन पंप दिले, प्रत्येक घरात एक. रोज सकाळ-संध्याकाळ एक पफ, पंप हलवायचा, स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावायचा, पफ दाबून पाच-सहा श्वास शांतपणे घ्यायचे, मग चूळ भरून थुंकायचं. धाप लागली तर निळा पंप वेगळा. सहा आठवड्यांनी परत बोलावलं आणि म्हणाल्या येताना दोन्ही पंप, स्पेसर सगळं घेऊन या.

आता खरी गोष्ट. १२० पफचा पंप, मागे किती पफ उरले त्याचा छोटा आकडा असतो. मॅडमनी दोन्ही पंप टेबलावर शेजारी ठेवले. निगडीच्या पंपावर ११२ होते, म्हणजे सहा आठवड्यांत फक्त ८ वेळा. आमचा आकडा बरोबर होता, पण स्पेसर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता, सील न काढलेला, कारण नवरा गाडीतच थेट तोंडात मारायचा आणि औषध छातीत जायच्या आधी बरंचसं घशातच बसायचं. कुणालाच ओरडल्या नाहीत. तिच्या आईला एवढंच विचारलं की ताई, भीती कशाची वाटते? आणि मग सगळं बाहेर आलं, आजी म्हणतात पंपाची सवय लागते, स्टेरॉइडने वाढ खुंटते, मुलीचं लग्न कसं होणार. मॅडमनी उडवून लावलं नाही. म्हणाल्या पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुप्फुसात जातो, उंचीवर थोडासा परिणाम होऊ शकतो म्हणून तर मी दर वेळी उंची मोजते, पण दम्याचा अटॅक येऊन पोटातून स्टेरॉइड द्यावं लागतं तो डोस कितीतरी मोठा. आणि तिथेच भिंतीच्या पट्टीला उभं करून पोरीची उंची मोजली, आईलाच आकडा वाचायला लावला. त्या दिवसापासून निगडीचा पंप चालू आहे.

सहीबद्दल पण मॅडमनी मला खोटी आशा दाखवली नाही. आपल्याकडे १९५६ च्या हिंदूंच्या पालकत्वाच्या कायद्यात कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आई-वडील या शब्दांत सावत्र आई-वडील येत नाहीत. मी घरी येऊन वाचलं तेव्हा पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. मॅडमनी सुचवलं वकिलांकडून एक पत्र करून घ्या, ओपीडीला आणणं, नेब्युलायझर, तातडीचे उपचार यासाठी माझं नाव आणि खाली आई-वडील दोघांच्या सह्या. ठरवून करायचं ऑपरेशन, भूल वगैरे आई-वडीलच ठरवणार, आणि ते मला पटतं. पण श्वास अडकलेल्या मुलाला सहीसाठी थांबवायचं नसतं हे त्यांनी ठासून सांगितलं, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्येच सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कागद नंतर.

वेटिंगमध्ये तिची आई मला म्हणाली, मला पण एका ठिकाणी विचारलं होतं वडिलांची सही कुठेय म्हणून, मी दहा वाजेपर्यंत थांबले होते. आई आहे ती! १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात कोर्टाने सांगितलं की वडील हयात असताना आई सुद्धा नैसर्गिक पालक असू शकते, आणि काउंटरवर अजून तेच. तेव्हापासून आमचं बोलणं जरा सुरू झालं.

आता दोन्ही फ्रिजवर एकच कागद आहे, हिरवा, पिवळा, लाल, कुठल्या रंगात काय करायचं ते मराठीत. एकच ग्रुप आहे, त्यात आम्ही तिघं आणि क्लिनिक, औषध बदललं की तिघांना एकाच वेळी कळतं. मॅडम उत्तर रात्री ८ ते ९ मध्येच देतात, तातडीसाठी तो नाही हे आधीच सांगतात.

कमी काय? अपॉइंटमेंट असून तास-दीड तास थांबावं लागतं, शनिवारी तर जाऊच नका. पार्किंग नाही. फोनवरच्या ताई तुटक बोलतात. आणि मोठी माणसं एकत्र बसायला तयारच नसतील तर मॅडम काही जादू करणार नाहीत, आम्हालाही पहिल्यांदा यायला तीन तारखा बदलाव्या लागल्या.

पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे, त्या दिवशी तिची आई घेऊन जाणार. फाईल मी रविवारीच दप्तरात घालून दिलीय, वरती तीन फोन नंबर आहेत, ते पोरीनेच स्केचपेनने लिहिलेत: आई, बाबा, मावशी.